‘राइज ऑफ स्कायवॉकर’चा शेवट : बाजू मांडायची तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : फोंड्याचा_प्रेक्षक

आमच्या फोंड्याच्या चित्रपट मंडळाची पुढची बैठक ‘स्टार वॉर्स’च्या नवव्या भागावर, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’वर (२०१९) ठरली आहे. एकाने चित्रपटाच्या बाजूने बोलायचं, एकाने विरोधात, मग खुली चर्चा. बाजूने मी बोलणार. वीस मिनिटं मिळतील. पडदा किंवा प्रोजेक्टर नाही, जे काय ते बोलूनच. समोर निम्मी माणसं जत्रेतल्या मराठी नाटकांवर वाढलेली, त्यांनी एकदोन भाग पाहिलेले. बाकीची कॉलेजची मुलं, त्यांना नऊच्या नऊ भाग तोंडपाठ.

माझं मत पक्कं आहे. वाईटाकडून परतलेल्या बेनचं (म्हणजे कायलो रेनचं) मरणं आणि नायिका रेचं टॅटुईन या वाळवंटी ग्रहावर एकटीने उभं राहणं, या कथेला दुसरा शेवट शोभलाच नसता. पण विरोधात काय येणार तेही दिसतं आहे. आधीच मेलेला खलसम्राट पाल्पाटिन अचानक कुठून उगवला? बेन मेल्यावर त्याच्यासाठी कुणी टिपूसही का गाळत नाही? आणि रेने स्कायवॉकर हे नायकांच्या घराण्याचं नाव कुठल्या हक्काने घेतलं? यातल्या कशाला आधी हात घालू, आणि कशाला घालूच नको? नेमकी दृश्यं सांगितलीत तर फार मदत होईल.

उत्तर : दोन_सूर्य

सुरुवात २०१९पासून करू नका. तिथून केलीत की पहिल्याच मिनिटाला पाल्पाटिनवर अडकाल आणि वीस मिनिटं त्यातच जातील. सुरुवात करा २००२च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’पासून, आणि त्यातही एकाच प्रसंगापासून. बेनचा आजोबा अॅनाकिन स्कायवॉकर, तेव्हा तरुण जेडाय योद्धा, टॅटुईनला पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो, आई श्मी त्याच्या हातात प्राण सोडते. रागाच्या भरात तो तिला पळवणाऱ्या टस्कन टोळीची अख्खी वस्ती कापून काढतो, बायकापोरांसकट. मग लार्स या सावत्र कुटुंबाच्या घरी प्रेयसी पाद्मेसमोर बोलताना तो एक जिद्द धरतो : माणसं मरणार नाहीत अशी विद्या मी मिळवीन. पुढच्या सगळ्या कथेचं बीज या जिद्दीत आहे.

२००५च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये पाल्पाटिन नेमकी हीच नस पकडतो. ऑपेरागृहात शेजारी बसवून तो अॅनाकिनला डार्थ प्लेगसची गोष्ट सांगतो : आपल्या माणसांना मरणापासून वाचवू शकणारा सिथ, म्हणजे काळ्या शक्तीचा उपासक. पाद्मेच्या मृत्यूची स्वप्नं पडत असलेला अॅनाकिन त्या गोष्टीला भुलतो. आणि ज्या पाद्मेसाठी हे सगळं केलं तिचाच गळा तो मुस्ताफार ग्रहावर आवळतो. बाळंत होऊन ती मरते. वाचवण्याच्या हट्टानेच तिचा घात केला.

मग जिवलगाला मरणापासून वाचवायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर कथा दोनदा देते. पहिल्यांदा १९८३ला, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये. अॅनाकिन आता डार्थ व्हेडर झालेला आहे; तो पाल्पाटिनला उचलून खोल विवरात फेकतो, मुलगा ल्यूक वाचतो, स्वतः मरतो. दुसऱ्यांदा २०१९ला. एक्झेगोल ग्रहावर रे मरून पडलेली, आणि अॅनाकिनचा नातू बेन तिला मांडीवर घेऊन स्वतःचा प्राण तिच्यात ओततो. आजोबाला ज्या विद्येची हाव होती ती नातवाला साधली, कारण त्याने काही राखून ठेवलं नाही. अॅनाकिनला पाद्मे जगायला हवी होती ती आपल्यासाठी. बेन रेला जगवतो तेव्हा आपण नसणार हे त्याला ठाऊक आहे.

आता सांगा, बेनला जिवंत ठेवून ही गोष्ट पुरी झाली असती का? मरण टाळण्याची किंमत शून्य, असं म्हटलं की प्लेगसची गोष्ट खरी ठरते, पाल्पाटिनचं आमिष खरं ठरतं. म्हणून बेनचं मरण प्रेक्षकाला छळायला घातलेलं नाही, सतरा वर्षांमागच्या एका जिद्दीची ती परतफेड आहे. तुमच्या वीसपैकी निदान आठ मिनिटं यालाच द्या.

बैठकीआधी कुणाला काही पाहायला सांगणार असाल तर २००५चा आणि २०१९चा, एवढे दोनच भाग सांगा. १४० आणि १४२ मिनिटं, म्हणजे पावणेपाच तासांत काम होतं. त्यात २००२, १९८३ आणि २०१७चे भाग मिळवलेत तर बेरीज बारा तासांच्या घरात जाते आणि कुणीच काही पाहत नाही.

उत्तर : कात्री_आणि_पट्टी

वर दिलेली साखळी बरोबर आहे, पण एक धोका आहे. समोरचा म्हणेल, मागच्या भागांतलं सांगू नका, याच चित्रपटात या शेवटाची तयारी कुठे केली आहे? त्याला उत्तर आहे, आणि ते पायऱ्या मोजून देता येतं.

पहिली पायरी पासाना ग्रहावर. वाळूखालच्या भुयारात रे जखमी सापावर हात ठेवते, जखम भरते. मग ती बीबी-८ या यंत्रमानवाला सांगते की मी माझ्यातला थोडा प्राण त्याला दिला. हे वाक्य विसरू नका, नियम तिथेच सांगितला आहे. बरं करणं फुकट नाही, देणाऱ्याचा प्राण वजा होतो.

दुसरी पायरी केफ बिर या चंद्रावर. डेथ स्टार नावाच्या दुसऱ्या युद्धतळाच्या अवशेषांवर, लाटांच्या माऱ्यात, रे बेनच्या पोटात लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, खुपसते. त्याच क्षणी तिला बेनची आई लेआ गेल्याचं जाणवतं, आणि ती त्याच जखमेवर हात ठेवून त्याला बरं करते. या वेळी शत्रूला, आणि सापाला दिला त्याहून कितीतरी जास्त प्राण.

तिसरी एक्झेगोलवर. आता हात बेनचा आहे, आणि तो सगळाच प्राण देतो. साप, शत्रू, जिवलग. थोडा, जास्त, सगळा. शेवट आभाळातून पडलेला नाही, चित्रपटाने तो तीनदा पेरला आहे.

असाच दुसरा धागा : चित्रपट सुरू होताना रे अधांतरी बसून जुन्या जेडायांचे आवाज ऐकू यावेत म्हणून साकडं घालते, आणि काही ऐकू येत नाही. शेवटी एक्झेगोलवर ती आडवी पडलेली असताना तेच आवाज येतात, ओबी-वान, योडा, ल्यूक, आणि अॅनाकिनसुद्धा. अॅनाकिनचा आवाज २००२ आणि २००५च्या भागांत ते काम केलेल्या हेडन ख्रिस्टेन्सनचाच आहे. तो तिला सांगतो की मी आणला तसा समतोल परत आण. १९८३चा शेवट पुसला गेला, असं म्हणणाऱ्यांपुढे हे ठेवा. चित्रपट अॅनाकिनचं श्रेय त्याच्याच तोंडून मान्य करतो.

फसतं कुठे तेही आधीच बोलून टाका, म्हणजे विरोधकाच्या हातात काही उरत नाही. केफ बिरवर बापाच्या आठवणीशी बोलून झाल्यानंतर बेनच्या तोंडी एका छोट्या विव्हळण्यापलीकडे शब्दच नाही. एवढा मोठा पालट झालेला माणूस बोलत नाही, म्हणून काहींना तो पोकळ वाटतो. बेन झालेल्या अॅडम ड्रायव्हरने ते चालण्यातून, खांद्यांतून, शेवटच्या हसण्यातून पेललं आहे. पण लेखनाने त्याला दोन वाक्यं द्यायला हवी होती, हे मान्य करावं.

लेआचंही तसंच. तिचं काम करणाऱ्या कॅरी फिशर डिसेंबर २०१६मध्ये गेल्या. २०१९च्या भागातली लेआ आधीच्या चित्रीकरणातल्या न वापरलेल्या तुकड्यांतून उभी केली आहे. म्हणजे शॉट आधी, प्रसंग नंतर लिहिलेला. आई आणि मुलगा समोरासमोर येणं शक्यच नव्हतं. म्हणून ती दुरून फक्त त्याचं नाव घेते, आणि समोरासमोरच्या भेटीची जागा बाप हॅनच्या आठवणीने भरली आहे. तो प्रसंग २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मधल्या पुलावरच्या प्रसंगाचेच शब्द पुन्हा वापरतो. तिथे मुलाने बापाला मारलं, इथे तेच शब्द उच्चारून हत्यार समुद्रात भिरकावलं. संकलनाच्या दृष्टीने मला हा सगळ्या चित्रपटातला सर्वात भक्कम जोड वाटतो.

उत्तर : म्हापसेकरीण

मी विरोधी बाजूची, पण प्रश्न मनापासून विचारला आहे म्हणून तुमच्यावर मारा कुठून होणार ते सांगते.

पाल्पाटिन परत आला ही तक्रारच नाही. आपल्याकडे नरकासुर दरवर्षी जळतो आणि पुढल्या दिवाळीला पुन्हा उभा राहतो. पण तो उभा राहताना वाड्यावरची पोरं सांगाडा बांधतात, गवत भरतात, कागद चिकटवतात, आणि ते सगळ्या गावाला दिसतं. पाल्पाटिनचा सांगाडा कुणी कधी बांधला ते पडद्यावर दिसतच नाही. एप्रिल २०१९च्या टीझरमध्ये त्याचं हसू ऐकू आलं, मग त्याचा संदेश एका व्हिडिओ गेममध्ये वाजला, आणि चित्रपट सुरू झाला तेव्हा वर सरकणाऱ्या मजकुराने सांगितलं की तो आला आहे. आठव्या भागात (२०१७) त्याचा मागमूस नाही. नव्यात आधीचा खलनायक स्नोक याच्या प्रती भरलेली एक टाकी दाखवली की झालं?

दुसरं. २०१७च्या ‘द लास्ट जेडाय’ने सांगितलं होतं की रेचे आईबाप कुणीच मोठे नव्हते. कुठल्याही घरातलं मूल नायक होऊ शकतं, हा केवढा मोठा विचार! दोन वर्षांत तो मोडून तिला पाल्पाटिनची नात केली. शेवट गोड की कडू हा वाद नंतरचा. आधी हे सांगा की शेवटाला मागच्या भागाशी फारकत घेण्याची गरज काय होती?

उत्तर : दोन_सूर्य

ताई, पाल्पाटिनबद्दल तुमचं खरं आहे आणि फोंडेकरांनी तिथे लढूच नये. “त्याचं येणं घाईचं आहे, पण त्याच्या येण्याने विचारलेला प्रश्न जुना आहे,” एवढं म्हणून पुढे जावं.

रेबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. आठव्या भागाचा विचार असा की रक्त माणसाला घडवत नाही. रक्तच नसलेल्या मुलीवर हा विचार तपासणं सोपं आहे. नवव्या भागाने तिला सगळ्यात वाईट रक्त दिलं आणि मग तोच विचार तपासला. एका बाजूला स्कायवॉकरांचा नातू, जो सिंहासनाकडे धावला, आणि दुसऱ्या बाजूला पाल्पाटिनची नात, जिने सिंहासन नाकारलं. तिने पाल्पाटिनला मारलं तेही हल्ला करून नव्हे. दोन लाइटसेबर, एक ल्यूकचा आणि एक लेआचा, समोर आडवे धरून त्याचीच वीज त्याच्याकडे परतवली. विचार मोडलेला नाही, जास्त कठीण करून विचारला आहे. तुम्हाला तो पहिल्या रूपात जास्त आवडला असेल, त्यावर माझा आक्षेप नाही.

फोंड्याचा_प्रेक्षक

देव बरें करूं सगळ्यांना. तीन पायऱ्यांचं मांडणं मी तसंच घेणार. आता नाटकवाल्यांसाठी काही सांगाल का? त्यांना सिथ, जेडाय यात रस नाही. “नायिका जिंकली आणि तिच्या पदरात काय पडलं?” असं ते विचारणार.

उत्तर : नाट्यवेडा_डिचोली

नाटकवाल्यांना कर्ण सांगा. पण वरवर सांगू नका, प्रसंग धरून सांगा.

युद्धाआधी कुंती नदीकाठी कर्णाला भेटते, तू माझा थोरला म्हणते. कर्ण ऐकतो, आणि परत येत नाही. एवढंच वचन देतो की अर्जुन सोडून इतर चौघांना मारणार नाही, तुझे पुत्र पाचच राहतील. बेनची गोष्ट इथून उलटी फिरते. त्याची आई दुरून फक्त नाव घेते, तेवढ्याने तिचा प्राण जातो, आणि मुलगा परततो. कर्णाला शब्द आणि मैत्री सोडवली नाही. बेनने नाव, मुखवटा, सत्ता सगळं सोडलं. जत्रेतलं नाटक पाहिलेल्या माणसाला हा फरक दोन मिनिटांत कळतो, आणि मग बेनचा मृत्यू त्याला परका वाटत नाही.

“कुणी रडत नाही” या आक्षेपालाही उत्तर इथेच आहे. कर्ण कोण होता हे पांडवांना युद्धानंतर, तर्पणाच्या वेळी कुंतीने सांगितलं म्हणून कळलं. बेनने काय केलं हे पाहणारी एक्झेगोलवर रेशिवाय जिवंत व्यक्ती नाही. बाकीच्यांच्या लेखी तो कायलो रेनच. तळावर जल्लोष चालला आहे, मित्र फिन आणि पो रेला मिठी मारतात, आणि या आनंदाची किंमत कुणी मोजली ते तिथे तिला एकटीलाच माहीत आहे. मला या शेवटातली खरी कडू चव तीच वाटते. तिला त्याचं नाव घेऊ देणारं एक दृश्य हवं होतं, यात शंका नाही. ती उणीव मान्य करून बोला.

आणखी एक. संस्कृत नाटकात रंगमंचावर मृत्यू दाखवायचा नाही असा संकेत, शेवटी भरतवाक्य, सगळ्यांचं कल्याण. भासाचं ‘ऊरुभंग’ तो संकेत मोडतं : मांड्या फुटलेला दुर्योधन, त्याच्या मांडीवर बसू पाहणारा लहानगा मुलगा, आणि वैर सोडून देत आलेला मृत्यू. खलनायकाचं मरण प्रेक्षकाला हलवू शकतं हे आपल्या रंगभूमीला चांगलं ठाऊक आहे. आणि ‘एवढी पापं केलेला माणूस चांगला कसा ठरला?’ असं कुणी विचारलं तर स्वर्गारोहण पर्व काढा. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि समोर दुर्योधन बसलेला दिसतो. धर्मराजसुद्धा चिडतो! महाभारताने तो वाद टाळला नाही, वाचकाच्या गळ्यात घातला.

वीस मिनिटांत कर्ण आणि दुर्योधन दोघांनाही आणू नका मात्र. कर्ण भाषणात ठेवा, दुर्योधन प्रश्नोत्तरांसाठी राखा.

उत्तर : कात्री_आणि_पट्टी

आकडे काढायचे नाहीत, हेही सांगून ठेवतो. कमाई एक अब्ज डॉलरांच्या वर गेली हे खरं, पण त्याने शेवट चांगला ठरत नाही. आणि विरोधकाकडेही आकडे आहेत : पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना विचारून काढलेल्या सिनेमास्कोअरमध्ये २०१५ आणि २०१७च्या भागांना ‘ए’ होता, याला ‘बी प्लस’. आकडा काढला की आकडाच परत येतो.

आधीचे दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो यांच्या पटकथेचाही विषय नको. त्यांनी २०१७मध्ये चित्रपट सोडला, ती पटकथा २०२०मध्ये बाहेर फुटली. जी बनलीच नाही तिची बनलेल्याशी तुलना करत बसलात तर चर्चा भरकटते. कादंबरीरूपात दिलेली स्पष्टीकरणंही वापरू नका. पडद्यावर आहे तेवढ्यावरच उभे राहा.

१९८३चं एक उदाहरण मात्र जरूर घ्या. पहिल्या दोन भागांचे निर्माते गॅरी कर्ट्झ यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं की तिसऱ्या, म्हणजे १९८३च्या, चित्रपटाचा आधीचा आराखडा कडूगोड होता : हॅन मरतो आणि ल्यूक एकटा निघून जातो. तो बदलून जल्लोषाचा शेवट आला, आणि ईवॉक हे अस्वलासारखे प्राणी नाचले म्हणून लोक तेव्हाही कुरकुरलेच. त्या जल्लोषाचं संगीत १९९७च्या आवृत्तीत बदललं, २००४च्या डीव्हीडीत म्हातारा अॅनाकिन झालेल्या सेबॅस्टियन शॉ यांच्या जागी तरुण अॅनाकिन आला. म्हणजे ज्याला आज ‘योग्य शेवट’ म्हणतात त्यावरही तीन वेळा हात फिरला आहे. एकटेपणाने संपणारी कल्पना या कथेत पहिल्या काळापासून होती. २०१९ने ती रेच्या रूपाने वापरली.

उत्तर : दोन_सूर्य

आता टॅटुईन, कारण तिथेच भाषण संपवावं लागेल.

आक्षेप ठरलेला : ल्यूकला ती जागा सोडून पळायचं होतं, लेआ तिथे जब्बा या गुंडाच्या साखळीत होती, मग दोघांचे लाइटसेबर तिथे पुरायचे कशाला? उत्तरासाठी पुन्हा २००२. त्या घराशेजारीच श्मीची कबर आहे. अॅनाकिनने ती जिद्द धरली ती याच घरात. १९७७च्या पहिल्या चित्रपटात ल्यूकचे काका-काकू ओवन आणि बेरू जळाले ते याच दारात. ज्या जमिनीतून हा सगळा हव्यास सुरू झाला, तिथेच रे हत्यारं कापडात गुंडाळून वाळूत सोडते. ल्यूकचं म्हणतात ते हत्यार मुळात अॅनाकिनचं. म्हणजे नातवाने किंमत मोजल्यावर आजोबाचं शस्त्र त्याच्या आईजवळ पोचलं. एवढं समजल्यावर ती जागा चुकीची वाटणार नाही.

मग ती स्वतःचा पिवळा लाइटसेबर पेटवते. तो तिच्या जुन्या दांड्यापासून केलेला आहे, म्हणजे जाक्कूवर भंगार वेचणाऱ्या मुलीची खूण तिने टाकली नाही. त्यानंतरच वाटसरू बाई नाव विचारते, ल्यूक आणि लेआ यांचे आत्मे दिसतात, आणि ती स्कायवॉकर म्हणते. या क्रमाला अर्थ आहे. हत्यारं परत केली, आपलं घडवलं, आणि मग नाव घेतलं. हक्क रक्ताचा नाही. लेआने तिला शिकवलं, ल्यूकने विमान वर काढून दिलं, बेनने जीव दिला. ज्या घराने इतकं दिलं त्याचं नाव तिने पुढे न्यावं, यात मला चोरी दिसत नाही.

वेळ अशी वाटा : श्मी ते प्लेगस आठ मिनिटं, तीन पायऱ्या पाच, कर्ण दोन, उणिवांची कबुली दोन, टॅटुईन तीन. पाल्पाटिन कबुलीतच संपवा, अर्ध्या मिनिटात.

उत्तर : म्हापसेकरीण

माझं मत बदललं नाही, पण श्मीच्या कबरीचा मुद्दा विरोधकाला जड जाईल, हे खरं.

एक राहिलं. कॉलेजची मुलं हमखास विचारतील : टॅटुईनवर ल्यूक आणि लेआ दिसतात, मग बेन का नाही? याचं कारण चित्रपट देत नाही, तेव्हा रचून सांगू नका. जे दिसतं ते सांगा. लेआचा देह तळावर चादरीखाली तसाच राहतो आणि बेन नाहीसा होतो त्याच क्षणी तोही नाहीसा होतो, माझ कानाटाच्या डोळ्यांदेखत. म्हणजे आई मुलासाठी थांबली होती, असं त्या दोन शॉटच्या जोडणीतून वाचता येतं. त्यावर कुणी “मग शेवटी तो तिच्याशेजारी हवाच होता” म्हणालं, तर मी त्याच्या बाजूने हात वर करीन. तुम्ही तयारीत राहा.